प्रस्तावना : निर्णय आणि परिणाम यांच्या मधली माणसे

जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात वीस वर्षे काढलेला अभियंता, साथीच्या काळात तालुका सांभाळलेली आरोग्य अधिकारी, राज्याच्या वित्त विभागात अंदाजपत्रके बसवलेला उपसचिव, पुनर्वसन वसाहतींत उमेदीची वर्षे घालवलेली समाजशास्त्रज्ञ. अशी माणसे चाळिशीच्या आसपास जागतिक बँकेसारख्या संस्थेत रुजू होतात, तेव्हा त्यांच्या ज्ञानाचे काय होते? ते वाढते, आटते, की त्याचा उपयोगच बदलतो? धरणे, शेती, कर्ज, दारिद्र्य यांचा अभ्यास आपल्याकडे मोठ्या निष्ठेने झाला आहे. त्या मानाने विकासाचे कागद जिथे तयार होतात तिथे बसून काम करणाऱ्या अनुभवी व्यावसायिकांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वाचकाला या विषयात सोबत घेऊन जाण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

तीन प्रकारचे वाचक माझ्या नजरेसमोर आहेत. पहिले, अशा संस्थेत जाण्याचा विचार करणारे. दुसरे, विकासाच्या राजकारणाचा आणि प्रशासनाचा अभ्यास करणारे विद्यार्थी. तिसरे, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारे: ज्यांच्या कार्यालयात ‘वर्ल्ड बँकेचं मिशन’, म्हणजे बँकेचे पाहणी पथक, येते ते शासकीय अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, आणि प्रकल्पामुळे ज्यांचे घर किंवा शेत गेले ते लोक. या तिघांचेही इथे सारख्याच आपुलकीने स्वागत आहे, कारण हा विषय तिघांच्या अनुभवाशिवाय पुरा होत नाही.

माझे मुख्य म्हणणे आधीच मांडतो. मोठ्या विकाससंस्थेत निर्णय घेणारा आणि त्या निर्णयाचे परिणाम भोगणारा यांच्यात फार अंतर असते. भूगोलाचे असते, भाषेचे असते, पगाराचे असते आणि काळाचेही असते. अनुभवी व्यावसायिकाला संस्थेने बोलावलेले असते ते त्याने हे अंतर दुसऱ्या टोकाकडून पाहिलेले असते म्हणून. पण संस्थेत काही वर्षे गेली की तिथली रीतच त्याला त्या टोकापासून दूर नेऊ लागते. ही ओढ कशी निर्माण होते आणि तिला तोंड कसे देता येते, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

थोडा इतिहास आवश्यक आहे. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या दोन संस्थांचा आराखडा ठरला. भारत पारतंत्र्यात होता, तरी त्याचे स्वतःचे शिष्टमंडळ तिथे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्याचे सदस्य होते. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले देशमुख मध्य प्रांत-वऱ्हाडच्या प्रशासनात आणि पुढे मध्यवर्ती बँकेत दीर्घ अनुभव घेऊन त्या परिषदेत बसले होते. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा उल्लेख असावा, असा आग्रह भारतीय शिष्टमंडळाने धरला. तो मान्य झाला नाही. बँकेच्या करारनाम्यात मात्र, मेक्सिकोच्या पुढाकाराने, पुनर्रचनेच्या आणि विकासाच्या प्रकल्पांना समान न्याय देण्याची तरतूद आली. विकासाला जागा मागणारे आवाज बँकेच्या स्थापनेच्या बैठकीतच उठले होते, आणि ते उठवणारे लोक आपापल्या देशाचा कारभार आतून जाणणारे होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे.

बँकेचे पहिले कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला गेले, २५ कोटी डॉलरचे. भारताला पहिले कर्ज १९४९ मध्ये रेल्वेसाठी मिळाले, ३ कोटी ४० लाख डॉलरचे. १९६० मध्ये गरीब देशांना सवलतीच्या अटींवर दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी आंतरराष्ट्रीय विकास संघटना, म्हणजे ‘आयडा’, स्थापन झाली. भारत अनेक दशके तिचा सर्वांत मोठा कर्जदार होता. २०१४ मध्ये तो त्या यादीतून बाहेर पडला आणि आता तिला निधी देणाऱ्यांत त्याचा समावेश होतो. आज भारत बँकेचा कर्जदार आहे, भागधारक आहे आणि अनुभवी मनुष्यबळ पुरवणारा देशही आहे. म्हणून भारतीय व्यावसायिक तिथे जातो तेव्हा आपल्याच देशाच्या या तिन्ही भूमिकांशी त्याची गाठ पडते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बाहेरून पाहणाऱ्याची समजूत अशी असते की बँक प्रकल्प करते. वस्तुस्थिती वेगळी आहे. कर्ज सरकार घेते. निविदा सरकारी खाते काढते, कंत्राटदार तेच नेमते, बिलेही तेच मंजूर करते. बँकेचा अधिकारी आखणीत सहभागी होतो, अटींवर वाटाघाटी करतो, खरेदीच्या ठरावीक टप्प्यांवर ‘ना हरकत’ देतो, दर काही महिन्यांनी मिशन घेऊन येतो, क्षेत्रभेटी करतो आणि जाताना ‘एड मेम्वार’ नावाचे टिपण सचिवांसमोर ठेवतो. प्रकल्पाची धुरा ज्याच्याकडे असते त्याला ‘टास्क टीम लीडर’ म्हणतात. अभियंते, पर्यावरणतज्ज्ञ, वित्तव्यवस्थापनाचे आणि खरेदीचे जाणकार, सामाजिक बाबी पाहणारे असे अनेक जण त्याच्यासोबत असतात. त्यांतले बहुतेक इतर विभागांचे असतात आणि एकाच वेळी चार-पाच प्रकल्पांत विभागलेले असतात.

कार्यकारी अभियंता म्हणून ज्याने मोजमाप पुस्तिकेवर सही केली, त्याला या बदलाचा धक्का मोठा असतो. तिथे त्याच्या हुकमाने पंप बसत होते. इथे त्याच्याकडे हुकूम नसतो, पण प्रकल्प फसला तर त्याच्या कामावर त्याची नोंद होते. अधिकार नसताना जबाबदारी पेलणे ही या पेशाची पहिली अट आहे. ती मानवणारी माणसे संयमाने प्रश्न विचारतात, खात्यातल्या एखाद्या जाणत्या अधिकाऱ्याच्या सूचनेला बँकेच्या टिपणात जागा देतात, आणि ती सूचना अमलात आली की श्रेय त्या अधिकाऱ्याकडे जाऊ देतात. ज्यांना ती मानवत नाही ते अटींची संख्या वाढवत जातात.

कालगणनाही दोन असतात. भारत सरकारचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, बँकेचे ३० जूनला. खात्याला मार्चपूर्वी रक्कम खर्ची टाकायची असते. बँकेतल्या विभागाला जूनपूर्वी नवी कर्जे संचालक मंडळापुढे न्यायची असतात. गावातली पेरणी, पाऊस, लग्नसराई, ग्रामपंचायतीच्या निवडणुका यांचे वेळापत्रक या दोन्हींशी जुळत नाही. ज्याने गावपातळीवर काम केले आहे तो हे तिसरे वेळापत्रक बैठकीत मांडू शकतो. अनुभवाचा उपयोग कशात असतो याचे यापेक्षा सरळ उदाहरण मला ठाऊक नाही.

संस्थेतली माणसे कशासाठी धडपडतात हेही पाहिले पाहिजे. १९९२ मध्ये बँकेच्या कर्जांचा अंतर्गत आढावा विली वापेनहान्स यांच्या नेतृत्वाखाली झाला. आधीच्या वर्षी पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी एक तृतीयांशाहून अधिक असमाधानकारक ठरल्याचे त्यात नोंदवले गेले, आणि कर्ज मंजूर करून घेण्याला मिळणारे महत्त्व अंमलबजावणीला मिळत नाही, हे त्याचे प्रमुख कारण सांगितले गेले. मंजुरीच्या दिवशी अधिकारी पुढे येतो. पाच वर्षांनी नळाला पाणी आले की नाही हे पाहायला तो बहुधा त्या जागेवर नसतो. त्यानंतर तीन दशकांत नियम बदलले, देशप्रमुख वॉशिंग्टनमधून त्या त्या देशांत राहायला आले, फलनिष्पत्तीवर कर्ज देण्याच्या पद्धती आल्या. तरीही प्रश्न जिवंत आहे आणि नव्या अभ्यासकाने तो आजच्या पुराव्यांवर पुन्हा तपासावा असा आहे.

एका अनुभवी माणसामुळे संस्था किती बदलू शकते याचे उत्तम उदाहरण मायकेल चेर्निया यांचे. रुमानियात समाजशास्त्राचे संशोधन केलेले चेर्निया १९७४ मध्ये बँकेत आले. अर्थशास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्या त्या संस्थेत ते पहिले समाजशास्त्रज्ञ मानले जातात. धरणांमुळे उठणाऱ्या लोकांचे काय होते हा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि १९८० मध्ये बँकेने सक्तीच्या विस्थापनाबाबतचे आपले पहिले धोरण स्वीकारले. नुकसानभरपाई दिली म्हणजे पुनर्वसन झाले असे नाही. उपजीविका, शेजार, सामायिक जमिनी, आरोग्य या सगळ्यांचा विचार व्हायला हवा, ही त्यांची मांडणी पुढे जगभर वापरली गेली. आपल्या विद्येचा आग्रह न सोडता संस्थेच्या कार्यपद्धतीत तिला कलमांचे रूप कसे द्यावे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आणि तरीही धोरण कागदावर असताना नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचे प्रकरण घडले. १९८५ मध्ये बँकेने या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताखाली येणार होती. मणिबेली त्यांतले पहिले. तिथल्या आदिवासी कुटुंबांनी आणि मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनाने जे प्रश्न विचारले, त्यांमुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेने स्वतःचेच नियम पाळले नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेली रक्कम न घेण्याचे ठरवले. त्याच वर्षी बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले: प्रकल्पाची झळ पोचलेल्या लोकांना थेट तक्रार करता येईल अशी, बँकेच्या व्यवस्थापनापासून स्वतंत्र यंत्रणा. सातपुड्यातल्या गावांनी एका जागतिक संस्थेची घडण बदलली, हे मराठी वाचकाने अभिमानाने आणि जबाबदारीने लक्षात ठेवावे. त्या गावांनी मोजलेली किंमत मात्र त्यामुळे भरून आली नाही.

मुंबईने या यंत्रणेचा वापर लवकरच केला. २००२ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात रेल्वेमार्गांलगतच्या आणि रस्तारुंदीकरणातल्या सुमारे एक लाख लोकांचे पुनर्वसन होते. २००४ पासून पॅनेलकडे तक्रारी गेल्या. त्यांत सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यावरचे दुकानदार होते. झोपडीतल्या घरासाठी आखलेली चौकट कारागीर आणि व्यापारी यांच्या धंद्याला लावल्याने उत्पन्नाचे काय होते, हा त्यांचा मुद्दा होता. पॅनेलच्या चौकशीनंतर २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांसाठीच्या कर्जाचे वितरण काही महिने थांबवले. या प्रकरणाची कागदपत्रे आजही उपलब्ध आहेत आणि प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने ती वाचावीत. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘व्यावसायिक गाळा’ असा एकच रकाना असला तर त्यामागे काय काय दिसेनासे होते, हे त्यांतून कळते.

किल्लारीची हकिगत दुसऱ्या बाजूने शिकवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढच्या वर्षी बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाचा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तिथल्या सरळ रेषांतल्या, पसरट आखणीबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी पुढे अनेक अभ्यासांत नोंदल्या गेल्या. भावकी, वाडे, गोठे आणि ओटे यांची जुनी जवळीक तिथे बसली नाही. याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः केले. पैसा हप्त्यांनी त्यांच्या हाती गेला, अभियंत्यांनी सल्ला दिला. गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या आणि स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना साथ दिली. एकाच कार्यक्रमात निर्णय लोकांपासून दूर असल्याचे आणि जवळ असल्याचे असे दोन्ही परिणाम दिसले. तुलनात्मक अभ्यासासाठी याहून चांगली जागा सापडणे कठीण.

काळाचे अंतर कसे पेलावे, याचे उत्तर पश्चिम आफ्रिकेत मिळते. नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या अंधत्वाविरुद्ध १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि इतर संस्थांनी मिळून कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत, म्हणजे २८ वर्षे चालला, आणि ओस पडलेल्या नदीखोऱ्यांत लोक पुन्हा शेती करू लागले. एवढा काळ कुणा एका अधिकाऱ्याच्या नेमणुकीत मावत नाही. सुरुवात करणाऱ्यांनी शेवट पाहिला नाही आणि शेवट करणाऱ्यांनी सुरुवात केली नव्हती. काम पुढच्याच्या हाती नीट सोपवणे हे कौशल्य विकासाच्या ग्रंथांत कमी आणि अशा कार्यक्रमांच्या दप्तरांत अधिक सापडते.

नवा वाचक कुठून सुरुवात करील? अल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ च्या ग्रंथात बँकेच्या ११ प्रकल्पांकडे बारकाईने पाहिले. आपले दामोदर खोरे त्यांत आहे. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की बाहेरून येणारा तज्ज्ञ पक्क्या रस्त्यालगतची गावे, कोरडा हंगाम आणि गावातली बोलकी माणसे यांपलीकडे फारसे पाहत नाही. जेम्स फर्ग्युसन यांनी लेसोथोमधल्या प्रकल्पाच्या आधारे मांडले की विकासाची भाषा राजकीय प्रश्नांना तांत्रिक प्रश्न बनवते. डेव्हिड मॉस यांनी पश्चिम भारताच्या भिल्ल प्रदेशातल्या ब्रिटिश साहाय्याच्या प्रकल्पात सल्लागार म्हणून वर्षानुवर्षे काम केले आणि २००५ मध्ये त्याच प्रकल्पाचा मानववंशशास्त्रीय अभ्यास लिहिला. त्यांच्या काही सहकाऱ्यांनी त्याला कडाडून हरकत घेतली. आतल्या माणसाने आतले लिहावे का आणि कसे, हा वाद या अभ्यासात कायम राहणार आहे. आणि पुण्यात वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जे काम केले, ते यांच्या शेजारी ठेवून वाचावे. वॉशिंग्टनमध्ये जे आकडे धोरण बनतात त्यांचा उगम गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणच्या चिकाटीत असतो, हे त्याने ध्यानात येते.

नोकरीच्या अटीही अभ्यासाचा भाग आहेत. अनुभवी व्यक्तीची नेमणूक बहुधा ठरावीक मुदतीची असते. अल्पमुदतीच्या सल्लागाराला एका आर्थिक वर्षात १५० दिवसांचीच मर्यादा असते. वॉशिंग्टनमधल्या परदेशी कर्मचाऱ्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि जोडीदाराला काम करायचे तर वेगळी परवानगी लागते. मुलांची शाळा, घराचा हप्ता आणि राहण्याचा हक्क एकाच नेमणूकपत्रावर अवलंबून असला, तर अप्रिय मत लेखी नोंदवताना माणूस विचारात पडणारच. याला भित्रेपणा म्हणून बाजूला सारू नये. प्रामाणिक मत देणे सोपे जावे अशी नेमणूकपद्धती कोणती, हा प्रश्न त्यातून निघतो आणि तो धोरणाचा प्रश्न आहे.

जाणाऱ्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. मिशनच्या कार्यक्रमात खात्याने ठरवलेल्या गावांखेरीज एक गाव स्वतः निवडा. कनिष्ठ अभियंत्याशी त्याच्या वरिष्ठांशिवाय बोला. टिपणातले प्रत्येक आश्वासन कोण, कधी, कोणत्या लेखाशीर्षातून पुरे करणार, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्या भाषेत लोक तक्रार करतात ती येत नसेल तर चांगला दुभाषी मागा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. तुमच्याकडे मिशन येत असे तेव्हा तुम्हाला काय खटकत होते, ते विसरू नका.

अभ्यासकांना तर फार मोठे आमंत्रण आहे. १ जुलै २०१० पासून बँकेच्या माहितीधोरणामुळे बहुतांश दस्तऐवज सर्वांसाठी खुले झाले. जलस्वराज्य, किल्लारीचा पुनर्वसन कार्यक्रम, जलक्षेत्र सुधारणा, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प यांची कागदपत्रे कोणालाही वाचता येतात. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने यांतला एक प्रकल्प घ्यावा. मंजुरीच्या वेळचा दस्तऐवज आणि समाप्तीचा अहवाल शेजारी ठेवून वाचावेत, मग त्यात नाव असलेल्या गावात जाऊन पाणीवापर संस्थेचे किंवा पाणीपुरवठा समितीचे इतिवृत्त पाहावे, तेव्हाच्या सरपंचांशी आणि निवृत्त अधिकाऱ्यांशी बोलावे. निवृत्त अधिकाऱ्यांनीही आपल्या वह्या आणि आठवणी अशा विद्यार्थ्यांसाठी मोकळ्या कराव्यात. या तिन्ही बाजूंची साक्ष एकत्र ठेवणारे मराठी लेखन जितके होईल, तितके पुढच्या प्रकल्पाच्या बैठकीत बसणाऱ्या माणसाला परिणाम भोगणाऱ्याचे म्हणणे टाळणे अवघड जाईल. हे काम आपल्या हाती आहे आणि आजच सुरू करता येण्याजोगे आहे.